बबनभाऊंचा उजवा पाय

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. गॅरेजच्या डब्यात नटबोल्ट साचतात, तसे साचतात. कुठला कशाचा, हेही पुढं आठवत नाही. आमच्या आळेफाट्याच्या कबड्डी टीमचे बहुतेक किस्से मात्र एकाच पायाचे. बबनभाऊंच्या उजव्या!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाऊ ट्रकचे मेकॅनिक, पस्तिशी ओलांडलेले, चढाईला आमचे हुकमी गडी. पण दर वर्षी जत्रेच्या सामन्यात त्यांचा घोटा मुरगळायचाच. शेवटी वहिनींनी दम दिला, "औंदा जत्रेतनं लंगडत आलात, तर ती चड्डी चुलीत घालीन!" भाऊ हादरले. कबड्डी सुटली तर हा माणूस करणार काय, आम्हालाही कळेना.

*

भाऊ घोटा दाखवायला डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आराम. भाऊंनी एकवीस दिवस खाट सोडली नाही. बाविसाव्या दिवशी थेट प्रॅक्टिसला, आणि पहिल्याच चढाईत घोटा गेला!

"आराम न्हाई केला तरी मुरगाळतो, केला तरी मुरगाळतो. मंग करायचं काय राव?"



*

डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, "आधी अंग गरम करा, मग खेळा."

घोटा बरा झाल्यावर भाऊ मैदानात हजर, डोळे लालभडक. हात लावला तर चटका बसला.

"अहो, ताप आहे तुम्हाला!"

"तर! आज अंग लई गरम हाय. चला, डाव मांडा!"

*

मग डॉक्टरांनी व्यायाम दिला. रोज एका पायावर उभं राहायचं, घोट्याला बळ येतं म्हणे. भाऊ गॅरेजपुढं उजव्या पायावर, हातात पाना. नाशिकच्या एसटीतून उतरलेल्या एका आजींनी हात जोडले, "महाराज, कवापासनं हे व्रत?"

"म्हैना झाला, आजी."

आजींनी पुढ्यात नारळ ठेवला. भाऊंचा तोल काही ढळला नाही. नारळ आम्हीच फोडून खाल्ला.

*

जत्रा आली. समोर डिंभ्याची तगडी टीम. भाऊ शेवटपर्यंत खेळले. आम्ही गुण मोजायचे सोडून त्यांचा घोटाच बघत होतो. दोन गुणांनी हरलो, पण घोटा शाबूत! मला तर रडूच फुटलं.

भाऊंना सोडायला मी घरी गेलो. वहिनी चुलीवर हळदीचा लेप गरम करत बसलेल्या. भाऊ ताठ चालत आत आले. वहिनींनी त्यांच्या पायाकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं.

"का वो, मॅच रद्द झाली व्हय?"