बायजाचा विस्तव

बायजा आमची कुणीही नव्हती.

ना नात्यातली, ना भावकीतली. तरी तिची तिथी आमच्याच घरात होते, आज आहे. फोटो टाकला असता, पण सव्वाशे वर्षांपूर्वी खालापूरकडच्या एकट्या विधवेचा फोटो कोण काढणार?

गावाचं नाव लिहीत नाही. अर्धं गाव फ्रेंडलिस्टमध्ये आहे, उगाच कमेंटमध्ये भांडणं नकोत.

माझे पणजोबा रामा तेव्हा अठरा वर्षांचे, त्यांची बहीण सखू चौदाची. मुंबईत प्लेगने आईबाप गेले. दोघं रुळांच्या कडेकडेने चालत मामाच्या गावी आले.

मामाने दार उघडलं नाही.

महिनाभर दोघं गावाबाहेर खळ्यावर झोपले. आजारी पडले नाहीत, तरी गाव म्हणे, मुंबईची पोरं, साथ आणतील. बायजा तेवढी भाकरी आणून द्यायची.

तिच्या शेताच्या कडेला पेंढ्याची खोपी रिकामी होती. रामाला म्हणाली, "माज्या घरात ऱ्हायलास तर जल्मभर आश्रित. खोपी घे. दार तुजं, कडी तुजी."

सखूने लगेच चूल मांडली. पण पेटवायची कशाने?

काडेपेटी तेव्हा गरिबाघरी नसे. शेजारून विस्तव आणायचा, चार निखारे. आणि विस्तव देणं म्हणजे समोरच्याला शेजारी मानणं. पाटलाने दवंडी पिटवली, या दोघांना कुणी विस्तव देऊ नये. देईल त्याचाही बंद.

तीन दिवस चूल थंड. बायजानेही दिला नाही. ती घाबरली होती, दर वर्षी तिथीच्या पंगतीत ही गोष्ट सांगताना माझे बाबा हे कधी लपवायचे नाहीत.

चौथ्या दिवशी पाटील चार माणसं घेऊन खोपीसमोर उभा. "चूल नाय ते घर नाय. दुपारपत्तोर निगा, नायतर खोपी मोडतो."

बाबा दर वर्षी इथे थांबायचे. त्यांनी हे थेट आपल्या आजोबांकडून ऐकलेलं. आमचे घास हातातच राहायचे. मला तर प्रत्येक वेळी वाटायचं, यंदा मोडतात बहुतेक.

भर उन्हात बायजा आली. खापरीत निखारे घेऊन, चावडीवरून, सगळ्यांच्या देखत.

"बायजा, तुजा बी इस्तू बंद व्हईल!"

"व्हऊं दे. सरका."

खापरी तापलेली, बोटं भाजत होती, बाई ती सोडेना. आत गेली आणि निखारे चुलीत ओतले. धूर वर आला.

पेटत्या चुलीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. पण जाताना पाटील म्हणाला, "बगू किती दिस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पुन्हा माणसं. या वेळी जास्त. रामा कोयता घेऊन उंबऱ्यात उभा. सखू त्याचा सदरा मागून ओढतेय.

गर्दीतून बायजा पुढे आली. हातात रिकामी खापरी.

"रामा, माजी चूल इजली रं. वाईच इस्तू दे."

राखेखाली निखारा जपण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिची चूल आपोआप विझणं शक्यच नाही, हे समोर उभ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि विस्तव माणूस शेजारघरीच मागतो, हेही.

पणजोबांनी कोयता खाली ठेवला. चार निखारे तिच्या खापरीत घातले.

माणसं एकेक करून निघून गेली.

बायजाआजी, आमच्या अख्ख्या घराचा तुला नमस्कार. मनापासून श्रद्धांजली.