परदेश विभागाला मुळा वर्ज्य

लाइल हॉस्टेटरसाठी त्या उन्हाळ्यात त्रेचाळीस कंपन्या प्रार्थना करत होत्या. जपानात नोकरी नाकारताना तोंडावर "नाही" म्हणायची रीत नाही. तुमच्या अर्जाचा आम्ही मनापासून विचार केला, आता तुमच्या पुढच्या यशासाठी प्रार्थना करतो, असं लिहून पाठवतात. पहिलं पत्र आलं तेव्हा लाइलने ओहायोला आईला फोन केला आणि सांगितलं, नोकरी नाही मिळाली, पण माणसं फार देवभोळी आहेत. दहाव्या पत्रानंतर त्याने आईला कळवणं सोडलं. एवढ्या प्रार्थनांत एखादा आजारी माणूस उठून चालायला लागला असता. ह्याच्या पदरात काही पडेना.

आता बघा, बायोडाटासुद्धा त्याने पेनाने, स्वतःच्या हाताने लिहिला होता. एक अक्षर चुकलं की कागद फाडायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. असे एकोणीस कागद गेले. छंदाच्या रकान्यात "मुळे धुणे" असं लिहिलं होतं, आणि ते अगदी खरं होतं.

शहरातल्या भाषाशाळेत तो जपानी शिकत होता आणि खोली स्वस्त म्हणून इवानोसावा ह्या डोंगरातल्या गावात न्हाव्याच्या दुकानावर राहत होता. शेजारीच कुवाबारांचा लोणच्याचा कारखाना. मुळ्याला लाकडाची धुरी द्यायची आणि मग कोंड्यात मुरवायचा, हे अकिता प्रांताचं लोणचं. विद्यार्थ्याला आठवड्यातून थोडे तास काम करायची मुभा असते, म्हणून लाइल दोन वर्षं तिथे मुळे धूत होता. उंची सहा फूट तीन इंच. धुरीच्या खोलीत वरच्या दांडीला मुळे टांगायला बाकीच्यांना शिडी लागे, ह्याला फक्त हात वर करावे लागत.

पण सप्टेंबरात शाळा संपली आणि शाळेबरोबर ती मुभाही. ऑक्टोबरअखेर राहण्याचा परवाना संपणार होता. कुणीतरी नोकरी देऊन "हा आमचा माणूस" असं सरकारला लिहून दिल्याशिवाय लाइलला गाशा गुंडाळावा लागणार होता, आणि त्याला जायचं नव्हतं. का, ते त्याला धड सांगता येत नसे. ओहायोत त्याची वाट बघणारं बरंच काही होतं, त्यात काकांचं गाड्यांच्या टायरांचं दुकानही होतं.

कारखान्याच्या मालकीण कुवाबारा फुसाए, वय बहात्तर. नवरा गेल्यावर तीस वर्षं एकटीने कारखाना ओढलेली बाई. गोड बोलण्याचं त्यांना वावडं. लाइल निरोप घ्यायला मिठाईचा डबा घेऊन आला, तेव्हा त्यांनी डबा ठेवून घेतला आणि त्याला हाताला धरून शहरात निहेईंकडे नेलं. निहेई म्हणजे सरकारी अर्ज लिहून देणारे गृहस्थ. अतिशय सभ्य, अतिशय घाबरट.

"ह्याला ठेवायचंय," बाई म्हणाल्या.

"काम काय देणार?"

"मुळे धुवायचं. बरे धुतो."

"मुळे धुवायला व्हिसा मिळत नाही, कुवाबारा-सान."

"मग कशाला मिळतो?"

"कॉलेजात जे शिकलाय त्याच्याशी जुळणारं काम लागतं. हॉस्टेटर-सान, आपण काय शिकलात?"

"भाषाशास्त्र. चार वर्षं," लाइल म्हणाला.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्या उंचीला बराच वेळ लागला. "चार वर्षं शिकून असं बोलतोस?"

निहेईंनी भाषांतराचं काम सुचवलं. बाई म्हणाल्या, आमची पाकिटं सात प्रकारची, त्यावरचं भाषांतर एका दुपारी उरकेल. निहेई म्हणाले, वर्षभराचं काम दाखवावं लागेल. इथे घोडं अडलं. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या, आणि मग त्यांनी जाहीर केलं की कुवाबारा लोणची आजपासून परदेशात माल विकणार.

"कोणत्या देशात?" निहेईंनी लेखणी उचलली.

"ह्याच्या. तिथे ओळख आहे ना ह्याची."

असा परदेश विभाग स्थापन झाला. अर्जाला विभागाचे फोटो जोडायचे होते: टेबल, फोन, दारावरची पाटी. एखाद्याने फोटोपुरता फोन मांडला असता. फुसाएबाईंनी खरी जोडणी घेतली. खोटं त्यांना जमत नसे, म्हणून त्या प्रत्येक थाप आधी खरी करून घेत आणि मग लिहून देत. नवऱ्याचं जुनं टेबल बियाण्याच्या पोत्यांखालून निघालं. पाटी देवळाच्या पाट्या कोरणाऱ्याकडून आली, ती इतकी भारदस्त होती की कारखान्यातल्या त्सुया-सान पहिले चार दिवस तिला वाकून नमस्कार करत होत्या.

कारखान्यात सहा बायका. सगळ्यांत धाकट्या ह्या त्सुया-सान, वय अडुसष्ट, जिभेला हाड नाही आणि पोटात काही राहत नाही. सगळ्यांत थोरल्या चियो-सान, वय चौऱ्याऐंशी, पाठ कमानीसारखी वाकलेली. सरकारने "रोजच्या कामाचा तक्ता पाठवा" असं कळवलं, तेव्हा चहाच्या सुट्टीत ह्या सगळ्या डोकं लावून बसल्या.

"नऊ ते साडेनऊ?"

"अमेरिकेला पत्र लिहील."

"साडेनऊ ते बारा?"

"उत्तराची वाट बघेल," चियो-सान म्हणाल्या. निहेईंनी ते "बाजारपेठेचा अभ्यास" असं सुधारून लिहिलं.

आता उरलं वाट बघणं. निहेईंनी बजावून सांगितलं: उत्तर येईपर्यंत राहायला हरकत नाही, फार तर डिसेंबरअखेरपर्यंत. पण काम नाही. मुळ्याला हात लावलेला कुणी पाहिला तर अर्ज बाद. आणि व्हिसा मिळाल्यावरही हा साहेबच, मुळ्याला हात लावायचा नाही.

दुसऱ्या देशात अशा गोष्टीकडे लोक काणाडोळा करतात. इथे गाठ इवानोसावाच्या बायकांशी होती. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली. पट्टीच्या अलीकडे परदेश विभाग, पलीकडे मुळा. लाइलने अलीकडे बसून पाहुण्यासारखा चहा प्यायचा. एकदा टोपलीतून एक मुळा गडगडत त्याच्या बुटापाशी आला. लाइल खाली वाकला, तसा सहाही जणींनी श्वास रोखला. शेवटी चियो-सान काठी टेकत आल्या आणि काठीने मुळा ढकलत ढकलत पलीकडे घेऊन गेल्या. त्या वयाच्या बाईला असं करताना बसून बघायचं, ह्याहून मोठी शिक्षा लाइलला कुणी दिली नव्हती.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी रेडिओने सांगितलं की उद्या पहाटे पारा उणे सहावर जाणार. शेतात बाराशे मुळे. गोठलेला मुळा आतून भुसभुशीत होतो, त्याचं लोणचं होत नाही. दिवस मावळायच्या आत उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि धुरीच्या खोलीत टांगायचे. नेमका त्सुया-सानांचा गुडघा सुजलेला, त्यांना शिडी बंद.

लाइल पट्टीपाशी येऊन उभा राहिला. "मालकीणबाई, मी जातो शेतावर."

"जा की. आणि तिथूनच विमानतळावर जा."

"हे सगळे मुळे जातील."

"मुळे पुढच्या वर्षी येतात," बाई म्हणाल्या. पण नजर खिडकीतून शेताकडे होती. तिथे न्हावीदादा आधीच चिखलात उतरले होते. दरवर्षी येतात. गावात मुळे काढायच्या दिवशी शेजारी मदतीला येतो, त्याला कुणी मजुरी देत नाही की हिशेब ठेवत नाही. बाईंनी फोन उचलला.

"निहेई-सान, शेजारी मदतीला आला तर ते काम होतं का?"

पलीकडे निहेईंनी दातांतून लांब श्वास ओढला. "ते जरा... कठीणच आहे." म्हणजे नाही. मग हळूच विचारलं, "मजुरी?"

"दमडी नाही."

"जेवण?"

"दरवर्षी भाताचे गोळे देतो सगळ्यांना."

"ते देऊ नका. मोबदला धरतील. आणि मी हा फोन उचललेला नाही."

सरळ बोटाने तूप निघत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्या लाइलला म्हणाल्या, "घरी जा. टाय काढ. शेजाऱ्यासारखा ये."

लाइल गेला. दहा मिनिटांनी मागच्या दाराने, रबरी बूट घालून, हातात मिठाईचा डबा घेऊन आला. बायकांनी रांगेत उभं राहून त्याला वाकून नमस्कार केला.

"एवढ्या कामाच्या गडबडीतून आलात, उपकार झाले," त्सुया-सान म्हणाल्या. "आपण राहता कुठे?"

"न्हाव्याच्या वर."

"अगबाई, म्हणजे शेजारीच की. आणि नोकरी?"

"शोधतोय. कुवाबारा लोणच्यात अर्ज केलाय."

"जपून हो. मालकीण खाष्ट आहे म्हणतात."

"ऐकलंय मी," मागून मालकीण म्हणाल्या. "चला आता, नाटक पुरे."

चार वाजेपर्यंत लाइलने सातशे मुळे टांगले. दुपारी सगळ्या गोळे खात बसल्या आणि हा उपाशी, हात मांडीवर ठेवून, नजर दुसरीकडे. चियो-सानांना घास गिळेना. त्यांनी आपला गोळा न्हावीदादांना दिला आणि म्हणाल्या, "तुम्हाला नको असेल तर वाटेल त्याला द्या, मला विचारू नका." न्हावीदादांना गोळा नकोसा झाला.

साडेचार वाजता परदेश विभागाचा फोन वाजला. बसवल्यापासून पहिल्यांदाच. कुणी जागचं हलेना. शेवटी सर्वांत जवळ त्सुया-सान होत्या, त्यांनी चिखलाच्या हाताने उचलला.

"परवाना कार्यालयातून बोलतोय. हॉस्टेटर-सान आहेत का?"

"ते अजून लागलेच नाहीत नोकरीला. परवानगी कुठे आलीय?"

"बरोबर. सध्या काय करतात ते?"

दुसरं कुणी असतं तर "माहीत नाही" म्हणालं असतं. त्सुया-सानांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मुळे टांगतायत. पण शेजारी म्हणून. गोळासुद्धा खाल्लेला नाही. खाल्ला, पण तो न्हाव्याने दिला."

धुरीच्या खोलीच्या दारात लाइल दोन्ही हातांत जुड्या घेऊन तसाच थिजला. फुसाएबाईंनी येऊन फोन हिसकावला.

"मालक बोलतेय. विचारा काय ते."

"ह्या माणसाची आपल्या कंपनीला खरोखर गरज आहे का?" तिकडचा तरुण आवाज कागदावरून वाचत होता.

"परदेशात लोणचं विकायला? अजून एक पाकीट गेलेलं नाही. चार मागवलीत, ती त्याच्या आईने." बाई थांबल्या. लाइलने जुड्या खाली ठेवल्या. संपलं, असं त्याला वाटलं. "हे बघा. माझ्या मुलाला मी हा कारखाना, घर, शेत सगळं देऊ केलं. तो तोक्योला गेला, लग्नाकार्याला येतो. ह्याला मी काही देत नाही. भाताचा गोळासुद्धा दिला नाही आज. तरी हा जात नाही. अशा माणसाला तुमच्या फॉर्मात काय म्हणतात ते तुम्हीच लिहा."

तिकडे कागद उलटल्याचं ऐकू आलं. मग तो आवाज म्हणाला, "त्यासाठी रकाना नाही," आणि फोन ठेवला गेला.

पुढचे पाच आठवडे वाईट गेले. त्सुया-सान रोज सकाळी लाइलच्या दारात वाळवलेली पर्सिमॉनची फळं ठेवून माफी मागत आणि लाइल रोज सांगे की तुम्ही खरं तेच बोललात. त्याला त्यांचा राग खरंच आला नव्हता. पण त्याने बॅग कपाटावरून खाली काढली होती, आणि ती खाली काढलेली न्हावीदादांनी पाहिली होती, म्हणजे गावाने पाहिली होती.

डिसेंबरच्या एकविसाव्या दिवशी पोस्टमनने कार्ड आणलं. कार्यालयात हजर राहावे, सोबत अमुक कागद, तमुक कागद. मंजूर की नामंजूर, ते कुठेच लिहिलेलं नाही. लाइलने दोनदा वाचलं. तो पट्टीवरच बसला.

"शुल्काचा मुद्रांक आणायला सांगितलाय का?" त्सुया-सान ओरडल्या. "मंजूर असेल तरच मुद्रांक मागतात. निहेई-सानांनी मला गुपचूप सांगितलंय."

लाइलने बोट ठेवून ओळ शोधली. होती. सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, मुद्रांक.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फुसाएबाई लाइलला म्हणाल्या, "रडतोस काय बावळटासारखा. पोस्टात जा आणि घेऊन ये."

"जायला नको," त्सुया-सान म्हणाल्या आणि अॅप्रनच्या खिशातून एक पाकीट काढलं. आत मुद्रांक. गेल्याच महिन्यात घेतलेला. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी चाचपडत आपलं पाकीट काढलं. मग तिसरीने. निहेईंनी ते गुपित प्रत्येकीला वेगवेगळं सांगितलं होतं, आणि जी ती एकेकटी, बाकीच्यांची नजर चुकवून पोस्टात जाऊन आली होती. टेबलावर सहा मुद्रांक जमले. फुसाएबाई सगळ्यांना वेड्यात काढत असतानाच नवऱ्याच्या टेबलाचा खण उघडत होत्या. सातवा तिथे होता.

"एकाच माणसाला सात मुद्रांक घालायचे कुठे?" बाई वैतागून म्हणाल्या.

"पहिल्यांदा एकाच वर्षाचा व्हिसा देतात," त्सुया-सान म्हणाल्या. "पुढच्या वर्षी लागेल. त्याच्या पुढच्या वर्षीही लागेल."

मग कुणाचा आधी लावायचा ह्यावरून जुंपली. त्सुया-सान म्हणाल्या, फोनवर घोळ मी घातला, माझा आधी. दुसऱ्या म्हणाल्या, वयाचा मान म्हणून चियो-सानांचा आधी. लाइल मध्येच काही बोलायला गेला, पण त्याला कुणी विचारत नव्हतं.

चियो-सान काठी टेकत आल्या. त्यांनी आपला मुद्रांक ढिगातून बाजूला काढला, पाकिटात परत घातला आणि पाकीट लाइलच्या हातात दिलं.

"माझा सगळ्यांत शेवटी लाव," त्या म्हणाल्या. "तोवर मला कुठे जाता येणार नाही."