भांडण न करणारे मासे

आमचं पहिलं बाळ जन्मल्याबरोबर गेलं. बाळंतपणासाठी शहागडला माहेरी गेलेली मी रिकाम्या हातांनी जालन्याला परत आले आणि हळूहळू बोलेनाशीच झाले. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आमचे हे हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. ते शाळेत गेले की मी भिंतीला टेकून बसायची. दुपार कधी उतरली ते कळायचंही नाही.

एकदा हे काचेची टाकी घेऊन आले. लोखंडी चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली, काचा लुकणानं बसवलेल्या.

"रंगीत मासे पाळू," हे म्हणाले. "पण निवडायचे तू."

मी टाकीकडं बघितलंही नाही. तरी रविवारच्या गाडीनं यांनी मला औरंगाबादला नेलं. एका गल्लीत माशांचं दुकान होतं. आत अंधार, आणि एकेका टाकीमागं पिवळा दिवा. हिरवट उजेड भिंतींवर हलत होता. लहानपणी गोदावरीत बुडी मारून डोळे उघडले की असंच दिसायचं. मी तिथंच उभी राहिले.

दुकानदार चाचा म्हातारे होते. त्यांनी आधी पाण्याचं विचारलं. "जालन्याच्या पाण्यात डाळ गलती क्या?"

"कुठं शिजती!" हे म्हणाले. "कितीही उकळा, दाणा तसाच."

"मंग बराबर. भारी पाणी है, क्षारवाला. मॉली, प्लॅटी, गप्पी, इनको वोच लगता."

यांचं लक्ष मात्र काळ्या पट्ट्यांच्या टायगर बार्बकडं होतं. चाचांनी मान हलवली. "ये गप्पी की दुम कुतर डालेंगे." एंजल फिश मला परीसारखा वाटला, पण तो मोठा झाला की लहान मासे गिळतो म्हणाले. फायटर तर एकटाच ठेवायचा.

"एकमेकांना त्रास न देणारेच द्या," मी म्हटलं.

हे वळून माझ्याकडं बघत राहिले. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून पूर्ण वाक्य आलं होतं. चाचांनी जाळीनं काळ्या मॉली, लाल प्लॅटी आणि झुपकेदार शेपटीचे गप्पी काढले. नर थोडे, माद्या जास्त. नाहीतर नर माद्यांना बिलकुल चैन पडू देत नाहीत, म्हणाले.

परतीच्या गाडीत पाण्याचा डबा माझ्या मांडीवर होता. आतली हालचाल पत्र्यातून तळहाताला कळत होती.

मंग दुपारी टाकीवर ऊन येऊ लागलं. लाल ठिपके पाणवेलीत शिरायचे, बाहेर यायचे. बघता बघता मला डुलकी लागे, आणि जाग आली की क्षणभर वाटे, आपण काचेच्या आत आहोत.

काही आठवड्यांनी एका प्लॅटीचं पोट फुगलं. "हिला काय झालं?" मी विचारलं.

हे अडखळले. "आजारी न्हाई ती. हे मासे अंडी घालत न्हाईत, जिवंत पिल्लं देतात. मला माहीत होतं. तुला सांगायला जीभ रेटली न्हाई."

मी उठले, जुन्या लुगड्याचा तुकडा टाकीवर टाकला. त्यानंतर माशांना खायला हेच घालायचे. मी तिकडं पाठ करून भाकऱ्या थापायची.

एका सकाळी हे दाढी करत होते. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी कापड उचललं. प्लॅटी वेलीजवळ थरथरत होती. तिच्यातून एक बारीक वेटोळं खाली पडलं, वाळूवर टेकलं, उलगडलं आणि पोहू लागलं. दोन डोळे आणि काचेसारखं अंग, बस. मी वाकून बघत होते. तेवढ्यात आमच्या त्या गरीब मॉलीनं वळून ते गिळलं.

"अहो! जल्दी या!" मी ओरडले. "खाऊन राह्यलीय ती!"

हे साबणाच्या तोंडानं धावत आले. मी चहाची गाळणी घेतली, यांनी लोणच्याची धुतलेली बरणी धरली. गाळणीत आली तेवढी पिल्लं बरणीत सोडली. काही वेलीत लपली. काही गेली.

मंग आम्ही ओल्या फरशीवर बसलो. मी विचारलं, "मला तर कुणी दाखवलंच न्हाई. शहागडला आल्यावर आपलं बाळ तुम्ही हातात घेतलं होतं ना? कसं होतं?"

"हलकं होतं," हे म्हणाले. "केस दाट होते. कपाळ तुझ्यासारखं." यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. गालावरचा साबण मी पदरानं पुसला, आणि मीही रडले.

त्या दिवशी हे शाळेत गेले नाहीत. दुपारी बरणी उशाशी ठेवून आम्ही चटईवर आडवे झालो. उन्हाचा कवडसा पाण्यातून छतावर गेला होता, आणि त्यात पिल्लांच्या सावल्या तरंगत होत्या. त्या मोजायचं यांच्या मनात आलं, पण मोजता मोजताच यांचा डोळा लागला.