उपवासाचे हलके

सोमवार, १२ ऑगस्ट २०२४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. श्रावणातला दुसरा सोमवार. मालेगावहून एसटीने मी नातीला रोज ज्या विशेष शाळेत नेतो, तिथल्या स्वयंपाकघरातून त्या दिवशी दाण्याच्या कुटाचा वास आला. तो यायला नको होता.

नात नऊ वर्षांची. जन्मापासून तिचे स्नायू तिचे ऐकत नाहीत. चावणे जमत नाही, गिळणे सावकाश जमते. अशी आणखी तीन मुले शाळेत आहेत. या चौघांना मधल्या सुट्टीत भाजलेल्या मूगडाळीच्या पिठाची घट्ट पेज किंवा कुस्करलेले केळे द्यायचे, चिकट वा दाणेदार काहीही द्यायचे नाही, हे जूनमध्येच ठरले होते आणि आतापर्यंत पाळलेही गेले होते.

त्या दिवशी शेगडीवर एकच कढई होती, साबुदाण्याच्या उसळीची. स्वयंपाकीणबाईने मान वर न करता सांगितले की आजचा खाऊ बाजारातल्या एका आडत्याकडून आहे. त्याचा नवस असल्याने आज इथे धान्य शिजवायचे नाही. मूग उपवासाला चालत नाहीत आणि केळी आज आलेलीच नाहीत.

मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्यांनी मला बसायला सांगितले. एका दिवसाचा प्रश्न आहे, ते गृहस्थ वर्षभर मुलांना केळी पुरवतात, आणि साबुदाणा तसा हलकाच असतो, असे त्या म्हणाल्या. साबुदाणा चिकटून गोळा होतो आणि घशात अडकतो, हे मी सांगितले. कुस्करून द्यायला सांगते, म्हणत त्या उठल्या. तोपर्यंत उशीर झाला होता.

ओसरीवर मागे ब्यानर लावून आडत्या स्वतःच्या हाताने मुलांना भरवत होता. एक जण मोबाइलवर फोटो काढत होता. फोटोसाठी आडत्याने माझी नात निवडली, कारण ती सर्वांकडे पाहून हसते. चमचा तोंडात गेला. खोकला आला नाही. आवाजच आला नाही. तिचे ओठ काळे पडू लागले होते.

मी तिला खुर्चीतून ओढले, मांडीवर पालथे घातले आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात मारले. गोळा सतरंजीवर पडला. मग ती रडली. त्या रडण्याइतके चांगले मी त्या दिवशी दुसरे काही ऐकले नाही.

"ठसका लागला असल, आबाजी," आडत्या म्हणाला. "उपवासाचं हलकंच असते. आमच्या घरी लेकरं खातेतच ना."

"उपवास तुमचा हाय," मी म्हणालो. "तिले काहून धरायले लावता?"

"देवाच्या नावाचं व्हतं."

"तुमच्या नावाचं व्हतं. मागं ब्यानर हाय."

फोटो काढणाऱ्याला हसू आले. त्याने ते आवरले.

मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन माफी मागण्यास सुचवले, नाहीतर केळी बंद होतील. सगळ्या शाळेची केळी माझ्या रागापायी बंद व्हावीत, असे मलाही वाटत नव्हते. पण ज्याने मुलीचा श्वास कोंडला, त्याचीच मी माफी मागायची, हे मला पटले नाही. मी नकार दिला. त्या चौघांची पेज कोणाच्याही नवसापायी बंद होणार नाही, हे त्यांनी त्याच्यासमोर बोलावे, एवढीच अट घातली. त्या बोलल्या. जमिनीकडे पाहून बोलल्या, पण शब्द पूर्ण होते. आडत्या ब्यानर गुंडाळून निघून गेला. केळ्यांचे काय, हे कोणी विचारले नाही.

मी शेगडीवर पातेले ठेवले.

"सोमवार बाटन, आबाजी," स्वयंपाकीणबाई म्हणाली.

"बाटू द्या."

ती दारापर्यंत सरकली. पेज ढवळायला कोणी आले नाही, मीच ढवळली. तिघांनी वाटी संपवली. नातीने तीन चमचे घेतले आणि तोंड मिटले. चौथ्या चमच्याला मी जबरदस्ती केली नाही.

हलके म्हणजे काय, हे खाणाऱ्याच्या घशाने ठरते. आमच्याकडे ते वाढणारा ठरवतो आणि वर हात जोडून घेतो. याची चीड मला आजही आहे आणि ती कमी व्हावी अशी माझी इच्छा नाही.

शाळेतले पीठ त्या पेजेत संपले होते. संध्याकाळी मूगडाळ भाजून मालेगावच्या गिरणीत नेली, बारीक दळून घेतली, घरी दोनदा चाळली आणि डबा नातीच्या दप्तराशेजारी ठेवला.