पाच दिवसांचं हायड्रोजन पाणी

चादरीच्या कारखान्यात सूत रंगवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे रंग बदलून दाखवणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, पाण्याचं मशीन विकायला एकजण आला होता. त्यानं मशीनच्या पाण्यात दोन थेंब टाकले, पाणी निळं झालं आणि जमलेल्या बायका "अगं बाई!" म्हणाल्या. मी साध्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून ग्लास पुढं केला. त्याचेच दोन थेंब त्यात टाकले, तर तेही निळं झालं.

"काका, तुमच्या ग्लासात हायड्रोजन कुठाय?" तो हसला. "आमचं पाणी शुगर, बीपी, सांधे, सगळ्यावर चालतं."

एकच पाणी सगळ्यावर चालतं म्हटल्यावर कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळलं. पण अक्कानं माझं कधी ऐकलंय! मशीन नळाला जोडलं गेलं.

तीन आठवड्यांनी गेलो, तर अक्का खुशीत. "लई हलकं वाटतंय बघ. मशीनवाला तर गल्लीभर माझंच नाव सांगतोय." मी सहज फळीवरचा गोळ्यांचा डबा उघडला. शुगरच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती. शुगरनंच आमच्या आईचा पाय गेला होता. त्या पायाची जखम आम्ही दोघांनी रोज धुतली होती, आणि तरी हिनं हे करावं! मी ओरडणारच होतो, तेवढ्यात ओळीनं झाकून ठेवलेल्या घागरी दिसल्या.

"ह्यात काय?"

"मशीनचंच की. नळ पाचव्या दिवशी येतोय, तवाच भरून ठेवते."

आमच्या सोलापुरात नळ आला की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, हा नेमच. मी विक्रेत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हायड्रोजन किती वेळ टिकतो हो?"

"अर्धा तास, काका. ठेवलं की उडून जातो."

"अक्का पाच-पाच दिवस ठेवून पिते."

"मग गुण कसा येणार!"

"अहो, अक्काला गुण आला म्हणून तुम्हीच गल्लीभर सांगत फिरताय की."

त्यानं फोनच ठेवला. नंतर म्हणे रेंज गेली होती.

अक्का घागरींकडे बघत बसली. "म्हंजी इतकं दिस मी साधंच पाणी पीत हुते?"

"व्हय."

"मग हलकं कशानं वाटत हुतं?"

मग तीच हळू म्हणाली, "गोळ्यांचा वैताग सुटला हुता, त्यानं असंल."

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. शुगर चांगलीच वाढली होती. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि पायही नीट तपासले. पाय ठीक होते, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर जेवण झालं, तिनं गोळी तोंडात टाकली आणि त्याच घागरीत तांब्या बुडवला.

"आता परत तेच पाणी?" मी विचारलं.

गोळी गिळून ती म्हणाली, "मग वतून देऊ व्हय? नळाला अजून तीन दिस हायत."