शेवटून मोजणारा

जंगलात रांगेने चालताना पहिल्याला जनावर दिसतं, मधल्यांना हलणारी फांदी दिसते आणि शेवटच्याला मधल्यांच्या पाठी दिसतात. आमच्या रांगेतला पहिला मी आणि शेवटचे आमचे भावजी. मी गाईड. माझ्या गळ्यात दुर्बीण असते आणि तोंडाचा पट्टा पाच दिवस बंद होत नाही. भावजी सर्वांत मागे चालतात, कोणी मागे राहू नये म्हणून. लॉजवरचे सगळे त्यांना 'शेपूट' म्हणतात. मी म्हणत नाही, कारण ते माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे.

एकोणीस वर्षांत मी अकरा वेळा बिबट्या पाहिला. भावजींनी एकदाही नाही. मी बोट दाखवणार, पुढचे सहाजण 'कुठे कुठे' करणार आणि भावजी येईपर्यंत बिबट्या तीन डोंगर पलीकडे गेलेला असणार. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. त्यांचा अभ्यास पाठींचा. कोणाचा गुडघा उद्या दगा देणार, कोणत्या जोडप्यात सकाळी भांडण झालंय, हे त्यांना मागून कळायचं. माणसं समोरून आली की मात्र त्यांचा गोंधळ व्हायचा. जेवायला बसलेला पाहुणा पाठमोरा झाला की मग, "हां, हे होय," म्हणायचे.

त्यांचं खरं काम मोजायचं. आमचं जंगल राखीव आहे, आत आलेला प्रत्येक माणूस बाहेर निघालाच पाहिजे. प्रत्येक ओढ्यापाशी, प्रत्येक फाट्यावर मी थांबतो, रांग गोळा होते आणि भावजी मागून मोजत येतात. बोट कमरेपाशीच हलतं, ओठ हलत नाहीत. मग माझ्या वॉकी-टॉकीवर आवाज येतो, "आठ. सगळे आले." हे तीन शब्द ऐकल्याशिवाय मी पुढचं पाऊल टाकायचं नाही, हा नियम. मी "चला" म्हणतो आणि रांग हलते.

ताई आमची स्वयंपाकीण होती. नदीकाठच्या लॉजवरून होडीने पहिल्या मुक्कामाला आणि तिथून पायी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मुक्कामाला. पाच दिवस ती आमच्याबरोबर चालायची. पाठीवर भांड्यांचं बोचकं. रांगेत तिची जागा ठरलेली, भावजींच्या बरोबर पुढे. तिला पाहुण्यांत मिसळायला आवडायचं नाही आणि भांड्यांच्या खडखडाटाने माझी जनावरं पळायची, म्हणून मीच तिला मागे धाडलं होतं. ते मागून मोजायचे, त्यामुळे पहिली यायची ताई. "यांच्याकडे मी कायम एक नंबर," असं ती पाहुण्यांना सांगायची. भावजी मान खाली घालून बुटाची नाडी बांधायचे, सुटलेली नसली तरी.

चार महिन्यांपूर्वी तिला ताप आला. गावातल्या हॉस्पिटलात नऊ दिवस होती. पहिले सहा दिवस डॉक्टर "बघू" म्हणाले, पुढचे दोन दिवस काहीच म्हणाले नाहीत, आणि नवव्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला आत बोलावलं.

आठवड्याने मी भावजींकडे गेलो. लॉजच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. ते टॉर्च उघडून बसले होते. मला म्हणाले, "चहा घेतोस?" मग साखर शोधायला लागले. फळीवरचा एकेक डबा उघडायचा, आत बघायचं, झाकण लावायचं. सातव्या डब्यात साखर निघाली. चहा केला, दोघांनी प्यायला. ते म्हणाले, "परवाची टूर किती जणांची आहे?" मी माझं रडू बरोबर घेऊन गेलो होतो, ते तसंच परत घेऊन आलो. टूरच्या सकाळी हा माणूस बूट घालून धक्क्यावर हजर.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझी बहीण गेली आणि याच्या डोळ्यात टिपूस नाही. जेवायचे, झोपायचे, घोरायचे. बायको गेली की छत्री हरवली, कळायला मार्ग नाही, असं मी माझ्या बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठे बोलता?" मी म्हटलं, माझं वेगळं आहे. काय वेगळं होतं ते सांगितलं नाही. मी पाहुण्यांना तेच जुने विनोद त्याच जागी सांगत होतो, त्याच झाडाखाली, आणि ते त्याच जागी हसत होते.

नवीन स्वयंपाकी गुडघ्यांनी अधू आहे. तो शिधा घेऊन होडीनेच मुक्काम गाठतो, रांगेत चालत नाही. आता भावजींच्या पुढे फक्त पाहुणे. एक मात्र झालं, वॉकीवरचं उत्तर उशिरा यायला लागलं. पूर्वी मी थांबेपर्यंत आकडा यायचा. आता मी ओढ्यापलीकडे उभा आणि मागे सामसूम. "भावजी, झोपलात का?" असं मी दोनतीनदा वॉकीवर सगळ्यांसमोर विचारलं. थोड्या वेळाने आकडा यायचा, बरोबर यायचा.

गेल्या टूरला आठ पाहुणे होते. दोन जोडपी, एक बाप-लेक, एक फोटोवाला आणि एकट्या आलेल्या निवृत्त नर्स बाई. साठीच्या पुढच्या, बारीक, स्वतःचं सामान स्वतः उचलणाऱ्या. अशा पाहुण्यांची काळजी नसते आणि तिथेच फसायला होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या ओढ्यापाशी थांबलो. उत्तर लगेच आलं, अगदी पूर्वीसारखं. "आठ. सगळे आले." मला बरं वाटलं. म्हटलं, आले भावजी ताळ्यावर. "चला" म्हणालो.

अर्ध्या तासाने मुक्काम आला. तिथे बाकावर बसून सगळेजण गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे काढतात आणि जळवा झाडतात. मी गरम पाणी पुढे केलं आणि बाकाकडे पाहिलं. बुटांचे जोड सात होते.

भावजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं बोट कमरेपाशी हललं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुन्हा हललं. आणि ते आल्या वाटेने परत निघाले.

पाहुण्यांना स्वयंपाक्याच्या हवाली केलं, लॉजवर वॉकीने कळवलं आणि मी त्यांच्यामागे पळालो. उजेड दोन तासांचा, पण झाडांखाली तो तासभर आधीच संपतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते पुढे होते आणि मी मागे. त्यांचा शर्ट उलटा होता, मानेमागची पट्टी बाहेर, शिवणी बाहेर. सकाळपासून तसाच असणार. त्यांच्या मागे कोणी चालतच नाही, सांगणार कोण? एवढ्या घाईतही ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

ओढा ओलांडून मी शिटी वाजवली. तिसऱ्या शिटीला उजवीकडून उत्तर आलं. वाटेपासून दोनशे पावलांवर नर्स बाई एका झाडाच्या मुळावर बसल्या होत्या. घोटा सुजलेला, बाकी ठीक. माझा जीव भांड्यात पडला.

"आडोशाला गेले होते," त्या म्हणाल्या. "टोपी वाटेवर ठेवायला सांगितली होती तुम्ही, पण लाज वाटली. परत येताना पाय मुरगळला आणि वाट सापडेना. दोनदा हाक मारली." मग भावजींकडे बघून साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हटलं, मोजतील तेव्हा कळेलच. म्हणून बसून राहिले."

भावजींनी खाली वाकून त्यांचा बूट सैल केला. मुक्कामापर्यंत त्यांना खांद्याचा आधार देत आणलं. दिवेलागणीला पोचलो.

वॉकीवर लॉजचा मॅनेजर आधीच तापलेला. "आठ कसे आले त्याचे? काय झाडं मोजतो का? उद्याच्या दिवसात एक मोजणी चुकली, तर परवापासून तो इथे टॉवेल मोजेल. कळलं?" हे सगळं भावजींनी शेजारी उभं राहून ऐकलं.

मी त्यांना पायरीवर गाठलं. माझा आवाज चढला होता.

"तुम्ही मोजलं की नाही मोजलं?"

"मोजलं."

"मग सात माणसांचे आठ झाले कसे?"

ते पायरीवर बसले. "मला रोज नऊ येतात," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आठ असले की नऊ येतात. सहा असले की सात. मी एक म्हणतो ना, ते हिलाच म्हणतो अजून. बोट आपोआप तिच्या जागेवर जातं, मग पुढच्यांना दोन, तीन. शेवटी एक जास्त झाला की लक्षात येतं. मग परत पहिल्यापासून. तुला उत्तर उशिरा येतं ते त्यामुळे."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"आज पहिल्याच खेपेला आठ आले," ते म्हणाले. "मला वाटलं, सुटली सवय. जमलं एकदाचं."

हे त्यांनी, टॉर्चचा सेल संपत आलाय, अशा आवाजात सांगितलं. मला माझीच लाज वाटली. चार महिने मी या माणसाला दगड समजत होतो आणि चार महिने हा माणूस दर ओढ्यापाशी ताईला मोजत होता, आणि दर ओढ्यापाशी तिला वजा करून परत मोजत होता. दिवसातून दहा वेळा.

"रडू येत नाही रे," ते म्हणाले. "तुला राग येतो ते कळतं मला. बसून पाहिलं मी. नाही येत."

"उद्या मी मोजतो," मी म्हटलं. "मॅनेजरला काय कळतंय?"

"नको. पुढून मोजणारा चुकतो." मग म्हणाले, "ती बाई अंधारात बसली असती. मी मोजतो. नाहीच जमलं, तर टॉवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. नर्स बाईंचा घोटा बांधलेला, हातात काठी; होडीने जायला त्यांनी नकार दिला होता. सर्वांत सावकाश चालणाऱ्याने शेवटच्याच्या पुढे चालायचं असतं, म्हणजे त्या भावजींच्या पुढे. ताईच्या जागेवर. हे माझ्या लक्षात पहिल्या ओढ्याशी आलं, पलीकडे जाऊन वळून पाहिलं तेव्हा. मला रांगेतले चारजण दिसत होते. बाकीचे झाडीआड होते आणि भावजी तर दिसतच नव्हते.

वॉकी हातात धरून उभा राहिलो. काही नाही. फोटोवाला मान वर करून फांद्या न्याहाळत होता. मी मनातल्या मनात घोकत होतो, बाईंना एक म्हणा भावजी, बाईंना एक म्हणा.

वॉकी खरखरला. ते मोठ्याने मोजत होते. एकोणीस वर्षांत कधी मोठ्याने मोजलं नव्हतं.

"एक," ते म्हणाले.

पुढे बराच वेळ नुसतं ओढ्याचं पाणी ऐकू आलं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण पुढच्या बाप-लेकांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मागे पाहिलं.

"दोन. तीन. चार." आता आवाज सरळ येत होता. "पाच. सहा. सात. आठ."

आठ. बरोबर होते. टॉवेल टळले. पण नियमाचे पुढचे दोन शब्द बाकी होते आणि ते येईनात. ते म्हटल्याशिवाय मला "चला" म्हणता येत नव्हतं, आणि मला त्यांना ते म्हणायला सांगवत नव्हतं.

"सगळे आले," भावजी म्हणाले.

मी "चला" म्हणायला बटण दाबलं, पण त्यांनी त्यांचं बटण सोडलं नव्हतं. वॉकीवर एकाने बटण दाबून ठेवलं की दुसऱ्याचं काहीच पोचत नाही. आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं, मग पुन्हा, आणि मग ते खोकल्यासारखं राहिलं नाही. मधेच नर्स बाईंचा आवाज आला, "बसा. बसा इथे. मी आहे."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. "कोण रडतंय?"

"माझे भावजी."

"का? काय झालं?"

ओढ्यापलीकडून तो आवाज येतच होता आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी रोज तासन्‌तास बोलणारा माणूस, पण हे वाक्य चार महिन्यांत एकदाही कोणाला म्हटलं नव्हतं, बायकोलाही नाही.

"माझी बहीण वारली," मी म्हटलं, आणि वाटेतच खाली बसलो.