मुदीवरचा थेंब

अंबिका पोतनीस निर्धास्त बसलेली कुणी कधी पाहिली नव्हती. दूध उतू जाईल, मांजर आत शिरेल, टपालवाला दाराशी थांबला म्हणजे नक्की वाईट बातमी असेल, अशी तिची सदा धास्ती. लेक जयू लग्न होऊन जबलपूरला गेली आणि सुखाने नांदत होती, तर ती खरंच सुखाने नांदतेय ना, याचीही धास्ती. फ्रीगंज पेठेत, घड्याळाच्या टॉवरच्या मागच्या गल्लीत त्यांचं भाड्याचं घर होतं. गल्लीतल्या बायका गमतीने म्हणत की पोतनीसबाईंना काळजी करायला काही नसलं तर त्या त्याचीच काळजी करतील. चेष्टा खरी होती, पण तिला बिचारीला त्याचं हसू येत नसे.

नवरा श्रीधरपंत अगदी उलट. महसूल कचेरीत हेडक्लार्क, गोडबोल्या, पोट पुढे आणि कपाळावर एक आठी नाही. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात खजिना सांभाळत म्हणून पोतनीस. खजिना गेला, आडनाव आमच्याकडे राहिलं, असं ते स्वतःच हसत सांगत. शिंदेशाही जाऊन मध्यभारत राज्य आलं तेव्हा कचेरीवरची पाटी बदलली. पाटीखालून आत जाणारा माणूस तोच राहिला, आणि दुपारी घरी येऊन जेवायची त्याची घाईही तीच राहिली. खाण्याचा भारी शौक. त्यातही तुपाचा. माळव्यात राहून बाफल्यावर, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यावर, जीव नसलेला माणूस सापडणं कठीण, पण श्रीधरपंत बाफल्यावर तूप घालू देत नसत. बाफलाच तुपात सोडायला सांगत.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात हाच माणूस कचेरीच्या जिन्यात छाती धरून खाली बसला. इस्पितळ झालं, मग घरी सक्तीचं अंथरूण झालं. उठून बसायला लागले तेव्हा सदरा खांद्यावरून ओघळत होता. अंबिका त्या दिवसांत देवापुढे बसायची तीसुद्धा अर्धं लक्ष आतल्या श्वासाकडे ठेवून.

त्याच सुमाराला विष्णू भेटायला आला. विष्णू म्हणजे श्रीधरपंतांचा चुलतभाऊ, विलायतेत डॉक्टरी शिकून इंदुरात दवाखाना घातलेला. चहात साखर नको म्हणाला, त्यावरूनच अंबिकेने ओळखलं की हा काहीतरी भलतं सांगणार. त्याने सांगितलं ते तिला नवलाचं वाटलं. लढाईच्या दिवसांत विलायतेत लोणी-साखर मोजून मिळे. लोक कुरकुरले, पण तब्येती काही बिघडल्या नाहीत. आणि अमेरिकेत, जिथे खायला ददात नाही, तिथे भरल्या अंगाचे साहेब टेबलाशी बसल्या बसल्या कोसळतात. आता तिथले काही डॉक्टर म्हणायला लागलेत की हे सगळं ताटातून येतं. शिकल्यासवरल्या बायका दुकानात जाऊन चरबी कमी असलेलं मागतात, कोंड्यासकट पिठाची भाकर मागतात. आपल्याकडे उलटं चाललंय, तो म्हणाला; चार पैसे आले की माणूस गूळ सोडून पांढरी साखर आणतो, ज्वारी सोडून मैदा आणतो, आणि घरात किती तूप खपतं त्यावर घराची ऐपत मोजतो.

अंबिका ऐकत राहिली. मिळत असून न खाणारे लोक तिने उपवासालाच पाहिले होते. जाताना चपला घालता घालता विष्णू वळून म्हणाला, "वहिनी, दादाला तूप एकदम बंद. एक थेंब नाही. त्याचं आयुष्य आता तुमच्या पळीत आहे, समजून घ्या."

हे त्याने म्हणायला नको होतं. दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर चाललं असतं, अंबिकेला नको होतं.

झालं, तिची झोप उडाली. शेजारच्या सुनंदाबाईंनी ऐकलं तर त्या उसळल्याच. आजारातून उठलेल्या माणसाला तूप नाही म्हणजे काय, आमच्याकडे तर बाळंतिणीला आणि दुखणेकऱ्याला पहिलं तूप. त्यांच्या मते बंदच करायचं तर डब्यातलं वनस्पती तूप घ्यावं, ते नव्या जमान्याचं, शहरातले सगळे तेच घेतात. वैद्यबुवांना विचारलं तर त्यांनी मान हलवली आणि तुपाशिवाय अंगात ओज कुठून येणार असं उलट तिलाच विचारलं. एक म्हणतो तुपाने मरेल, दुसरा म्हणतो तुपावाचून मरेल. अंबिकेने कुणाचं ऐकावं? विष्णूने जग पाहिलं होतं, आणि नवऱ्याच्या छातीवर नळी लावून ऐकलंही त्यानेच होतं. तिने विष्णूचं ऐकायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. पण दुपारी श्रीधरपंत पाटावर बसले. पानात भाताची मूद, तिच्यावर वरण, कडेला दुधीची भाजी. आणि ते हात मांडीवर ठेवून थांबले. जन्मभर थांबत आले होते तसेच. अन्नशुद्धी वाढल्याशिवाय, म्हणजे भातावर तूप पडल्याशिवाय, पोतनीसांच्या घरात कुणी पानाला हात लावत नसे. अंबिकेच्या माहेरी, देवासलाही तेच. कोरडा भात तिने एकदाच पाहिला होता, वडील गेले त्या दिवसांत. तेव्हापासून तुपाविना पान म्हणजे अशुभाचं पान, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. विष्णूला हे तिने चाचरत विचारलंही होतं. तो म्हणाला होता, नुसती पळी टेकवा ना, देवाला चालतं.

तिने रिकामी पळी मुदीला टेकवली. श्रीधरपंतांनी तिच्याकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे चित्राहुती घातली, म्हणजे चिमूटभर भात पानाबाहेर उजव्या हाताला ठेवला, त्याभोवती पाणी फिरवलं, आणि जेवायला लागले. चार घास खाल्ले आणि उठले. भूक नाही म्हणाले. त्यांनी पाठ वळवल्यावर अंबिकेने ते भरलं पान पाहिलं आणि तिला रडू कोसळलं. आपल्याच हाताने आपण आपल्याच नवऱ्याला सुतकातलं पान वाढलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पळी टेकवताना तिने ती आधी तुपाच्या भांड्यात बुडवली, निथळू दिली, आणि टोकाला राहिलेला एक थेंब मुदीच्या शेंड्यावर सोडला. एकच. श्रीधरपंत त्या दिवशी पोटभर जेवले.

तिथून तिचा छळ सुरू झाला. रोज थेंब सोडायचा आणि रोज पस्तावायचं. आज नाही वाढणार असं सकाळी देवाला सांगायचं आणि दुपारी पाटासमोर उभं राहिलं की हात भांड्याकडे जायचा. एक थेंब नाही, असं विष्णूचं वाक्य कानात वाजायचं; तसेच वडील गेल्यानंतरचे ते दिवस डोळ्यांपुढे यायचे. जेवून ते आडवे झाले की ती दारात तांदूळ निवडत बसायची आणि त्यांची छाती वरखाली होतेय ना ते पाहायची. जरा खोकले की ही ताट बाजूला सारून उठायची. कधी वाटायचं, त्या विलायतेतल्या बायकांचं बरं आहे, दुकानात मागितलं आणि पिशवीत घालून आणलं. त्यांचे नवरे हात मांडीवर ठेवून थांबत नसतील.

विष्णू महिन्याकाठी यायचा, तपासायचा, वहिनींनी चांगलं सांभाळलंय म्हणायचा. त्या शाबासकीने तिला आणखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाकी संसार चालला होता तसा चालला होता. एक बारीक कटकट मात्र नवी सुरू झाली होती. श्रीधरपंतांच्या पाटाशेजारी फरशीच्या सांध्यात मुंग्या लागायला लागल्या. ती पुसायची, हळद टाकायची, आणि दोन दिवसांत त्या परत हजर. एवढ्या काळज्यांत मुंग्यांची काळजी कोण करतो? तिने तीही केली, पण थोडीच.

असं करता करता छप्पन्नची दिवाळी जवळ आली आणि मध्यभारत जाणार हे नक्की झालं. नवं राज्य, राजधानी भोपाळ, कचेरीवर पुन्हा नवी पाटी. या खेपेला पाटी बदलून भागणार नव्हतं, माणसंही हलणार होती. श्रीधरपंतांना भोपाळची बदली आली. तिकडे म्हणे राहायला जागाच नाहीत, एकेका खोलीत चार-चार बाबू. श्रीधरपंत म्हणाले की सध्या मी एकटाच जातो, खानावळीत जेवेन, पुढचं पुढे. अंबिकेने ऐकून घेतलं. खानावळीतला माणूस थेंब मोजत बसणार होता का?

जाणाऱ्या लोकांना कचेरीने गोठ दिली, म्हणजे नदीकाठी दाल-बाफल्याचं जेवण. रामघाटाच्या पलीकडे एका बागेत सकाळपासून गोवऱ्या पेटल्या होत्या. अंबिकेने नका जाऊ म्हणून पाहिलं. श्रीधरपंतांनी हसून टोपी घातली आणि निघाले.

दुपार टळल्यावर ते परत आले ते घामाने डबडबलेले. टोपी हातात. काही न बोलता ओसरीतल्या खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

तो हात पाहून अंबिका किंचाळली असावी, कारण सुनंदाबाई धावत आल्या आणि तशाच पावली डॉक्टरांना आणायला गेल्या. अंबिका खाटेजवळ खाली बसली. वर्षभर गिळलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. विष्णूभावजींना फसवलं, तुम्हाला फसवलं, मी रोज एक थेंब घालत होते, रोज, माझ्याच हाताने घातलं तुम्हाला ते. तिला धड बोलताही येत नव्हतं.

श्रीधरपंतांनी डोळे उघडले. "मला मालूम आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवसापासून. कोरडी पळी धरून कुणाचा हात कापतो का?"

तिने मान वर केली. "मालूम होतं, तर खात का गेलात?"

"खाल्लं कुणी?"

त्यांनी उठायचा प्रयत्न केला, एक मोठी ढेकर दिली आणि परत टेकले. मग दमादमाने सांगितलं. मुदीचा शेंडा तेवढा उचलायचा, थेंबासकट, आणि चित्राहुती म्हणून पानाबाहेर ठेवायचा. एक शीतही आत राहू द्यायचं नाही. विष्णू जाताना त्यांनाही बजावून गेला होता, आणि जिन्यात छाती धरून बसल्यावर मरणाची भीती काय असते हे त्यांना कळलं होतं. जन्मात पहिल्यांदा तूप नको वाटलं होतं. पण कोरड्या पानापुढे तिचा चेहरा बघून घास उतरत नव्हता.

"सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर तू थेंब बंद केला असता. मग अशुभ झालं, अशुभ झालं म्हणून रडली असती. दोन-दोन भीत्या घेऊन बसली होती तू. म्हटलं, एक तरी पानाबाहेर काढून ठेवू." मग म्हणाले, "मुंग्या कुठे लागायच्या, आठव."

उजव्या हाताला. पाटाच्या उजव्या हाताला, चित्राहुतीच्या जागी. रोज जेवण झालं की ती तो चिमूटभर भात स्वतः उचलून भिंतीवर चिमण्यांना ठेवायची. पूर्वी चिमूटभर असायचा, वर्षभर घासाएवढा असायचा. तिच्या नजरेला ते आलंच नव्हतं, कारण तिची नजर त्यांच्या छातीवर होती.

डॉक्टर आले, नळी लावून ऐकलं, आणि छाती ठीक आहे म्हणाले. उन्हातून चालणं झालं होतं आणि डाळीने वायू धरला होता. बाफला किती खाल्ला विचारलं, तर श्रीधरपंत म्हणाले की एकच, तोही कोरडा, लोकांनी वेड्यात काढलं. सुनंदाबाई हसल्या. अंबिकेला हसू आलं नाही. या माणसाने वर्षभर रोज पुढ्यात आलेलं तूप स्वतःच्या हाताने बाजूला ठेवलं होतं, आणि ते त्याला किती आवडायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"भोपाळला मी येणार," ती म्हणाली. "चार बाबूंच्या खोलीत एक पडदा लावू."

श्रीधरपंत जागेचं काही बोलायला लागले आणि तिचं तोंड पाहून थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाटावर बसले, हात मांडीवर ठेवून. अंबिकेने पळी बुडवली, निथळू दिली, थेंब सोडला. हात याही वेळी कापलाच. एवढ्यात कुठला थांबायला. त्यांनी शेंडा उचलला, उजवीकडे ठेवला, पाणी फिरवलं आणि जेवायला लागले. जेवण झाल्यावर तिने तो घास उचलला. बोटांना तूप लागलं. रोजच लागत होतं, आणि वर्षभर तिला वाटत आलं होतं की ते वाढतानाचं असेल. ती बोटं तिने पदराला पुसली नाहीत, आणि घास भिंतीवर चिमण्यांना ठेवायला गेली.